गालातले तीन ग्रॅम

पहाटे सापळ्यातून काढलेला कांगारू उंदीर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत सोडतात, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला अडकवतात आणि आकडा वहीत टिपतात. पिशवीचं वजन वजा केलं की काम झालं. ॲरिझोनाच्या वाळवंटात उंदरांची मोजदाद करणाऱ्यांच्या हातून हे इतक्या वेळा होतं की त्यात नवलाचं काही उरत नाही. पण एखाद्या सकाळी काटा ४६ ग्रॅम दाखवतो, आणि उंदीर पिशवीत दोनदा उलटासुलटा होऊन पुढच्या इवल्या पंज्यांनी गाल पुढे ढकलतो. बघता बघता पिशवीच्या तळाशी दाण्यांची रास पडते. सापळ्यात आमिष म्हणून टाकलेलं मिलेट, सगळंच्या सगळं. दाणे बाजूला काढून पुन्हा वजन केलं तर ४३. वहीत काय लिहायचं याचं शिस्तीचं उत्तर सोपं आहे : ४३ लिहा, आणि शेऱ्यात ‘गाल भरलेले होते’ अशी नोंद करा. तरीही ते तीन ग्रॅम सहजी वजा होत नाहीत. भातात खडा लागावा तसे लागत राहतात. रात्रभर पत्र्याच्या डबीत कोंडलेल्या, मरणाच्या भीतीने धडधडणाऱ्या जिवाने खाण्याच्याही आधी काय केलं, तर बेगमी केली. मग त्याचं खरं वजन कुठलं, दाण्यांसकट की दाण्यांवाचून?

हा उंदीर नेमका कुठे संपतो, असाच प्रश्न आहे तो.

त्याच्या गालापासूनच सुरुवात करू. देवळापुढचं माकड चणे गालात कोंबतं तेव्हा ते तोंड उघडून आत कोंबतं. माकडाची गालपिशवी तोंडाच्या आत उघडते, लाळेने ओली असते, आणि चणे पोटात जाण्याच्या वाटेवरच थांबलेले असतात. कांगारू उंदराची आणि त्याच्या धाकट्या भावकीची, म्हणजे पॉकेट माउसची, गोष्ट वेगळी. त्यांच्या पिशव्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना, बाहेर उघडतात. आतून मऊ केसांचं अस्तर असतं. शर्टाला शिंप्याने आतून कापड लावून खिसा शिवावा तसा हा खरोखरीचा खिसा आहे, आणि तो खांद्यापर्यंत मागे जातो. रिकामा करताना पंज्याने पुढे लोटला की खिसा उलटाही होतो, झटकून साफ करता येतो, आणि मग पाठीकडून येणारा एक स्नायू त्याला पुन्हा आत ओढून घेतो. केसाळ अस्तराचा हिशेब उघड आहे. दाणा लाळेने भिजत नाही, म्हणून टिकतो, आणि लाळही दाण्यांबरोबर वाया जात नाही. जिथे पाण्याचा थेंब मोलाचा तिथे शेकडो दाणे तोंडात घोळवून वाहणं परवडलंच नसतं. पण याचा दुसरा अर्थ असा की गालातला दाणा शरीराच्या आत नाही. तो कातडीच्या बाहेर आहे, हातातल्या पिशवीतल्या भाजीइतकाच बाहेर. काट्यावरून ते तीन ग्रॅम वजा करणारा माणूस शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर असतो.

नावाचाही घोळ इथेच सांगून टाकावा. हा प्राणी कांगारू नाही हे कुणीही सांगेल. मागच्या लांब पायांवर उड्या मारतो आणि तोल सांभाळायला झुपकेदार लांब शेपूट वापरतो, म्हणून ते नाव पडलं. पण आपण ज्याला उंदीर म्हणतो तोही हा नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वंशवृक्षात याची फांदी घरातल्या उंदरापासून दूर फुटते. याचे जवळचे नातलग म्हणजे जमीन उकरणारे गोफर, आणि जरा लांबचा पण त्याच शाखेतला नातलग म्हणजे नदीला बांध घालणारा बीव्हर. सगळं कुळ अमेरिका खंडातलं. कॅनडाच्या दक्षिण टोकापासून अमेरिकेचा पश्चिम भाग, मेक्सिको, आणि तिथून खाली दक्षिण अमेरिकेच्या वरच्या कडेपर्यंत साठेक जाती. आपल्याकडे यांतला एकही नाही. दख्खनच्या माळावर रात्री गाडीच्या उजेडात जो लांब शेपटीचा, मोठ्या डोळ्यांचा उंदीर टुणकन उडी मारून रस्ता ओलांडतो तो जरबिल. राजस्थानच्या वाळूत दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी उभा राहणारा जर्डही त्याच्याच कुळातला. दिसण्यात आणि वागण्यात थोडं साम्य आहे खरं, पण ते सारख्या संकटामुळे आलेलं साम्य, रक्ताचं नव्हे. आणि बाहेर उघडणारा केसाळ खिसा तर त्यांच्यापैकी कुणालाच नाही.

आकारात मात्र या कुळात गंमत आहे. सर्वांत छोट्या पॉकेट माउसचं वजन ७-८ ग्रॅम, म्हणजे आपलं दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवावं तेवढं. मेरियमचा कांगारू उंदीर चाळिशीच्या आसपास. शेपटीच्या टोकाला पांढरा झुपका मिरवणारा ‘बॅनर-टेल’ १२० ग्रॅमच्या घरात, आणि कॅलिफोर्नियातला राक्षसी कांगारू उंदीर त्याहूनही वजनदार. राक्षसी म्हणजे किती, तर एका मध्यम कांद्याएवढा.

रात्रीच्या कामाची रीत अशी. अंधार पडला की बिळाच्या तोंडाशी दिवसभर लावून ठेवलेला मातीचा बोळा आतून ढकलून तो बाहेर येतो. झुडपाखालची वाळू पुढच्या पंज्यांनी चाळत जातो. पंजे इतके भरभर चालतात की माणसाच्या डोळ्याला नुसती थरथर दिसते. दाणा सापडला की खिशात. खिसे भरले की थोडं लांब जाऊन बोटाच्या पेराएवढा खड्डा उकरतो, त्यात तोंड खुपसतो, पंज्यांनी गाल पुढे रेटून दाणे ओततो, माती लोटतो आणि थापटून सपाट करतो. वर काही खूण ठेवत नाही. मग पुढचा खड्डा. मेरियमचा कांगारू उंदीर अशा विखुरलेल्या लहान ठेवी करत जातो आणि त्यांच्या जागा लक्षात ठेवतो. नाक मदतीला असतंच, पण नाकाचं वाळवंटात फारसं चालत नाही, कारण कोरड्या वाळूत कोरड्या दाण्याला वास जवळजवळ नसतो. पाऊस पडला, दाणा जरा फुगला, की वास सुटतो आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची धाड पडते. म्हणजे कोरड्या रात्री ठेव मालकाची असते, ओल्या रात्री ज्याला आधी वास येईल त्याची.

आणि जी ठेव कुणालाच सापडत नाही ती उगवते. इंडियन राइसग्रास नावाचं एक गवत आहे. (यातलं ‘इंडियन’ आपलं नव्हे, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं.) त्याच्या बियांचं साल टणक असतं. कांगारू उंदीर ते सोलतो आणि बी पुरतो, नेमकं रुजायला हवं तितक्याच खोलीवर. वसंतात त्या माळावर एका बोटाच्या जागेत वीस-पंचवीस कोंबांचा गुच्छ वर आलेला दिसला तर तो वाऱ्याने नेऊन टाकलेला नाही, ती कुणाची तरी न सोडवलेली ठेव आहे. मोहावीच्या वाळवंटातल्या जोशुआ वृक्षाच्या बियाही अशाच उंदरांनी नेऊन पुरलेल्या असतात. या झाडांच्या आणि गवतांच्या पिढ्या कुणाच्या तरी विसराळूपणावर वाढल्या असं म्हणायचा मोह होतो. पण विसराळूपणा हा शब्द अन्यायाचा वाटतो. मालक घुबडाने नेला असेल, तर त्याला विसरला कसं म्हणायचं?

बॅनर-टेलचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याला विखुरलेल्या ठेवींवर भरवसा नाही, त्याला पेव लागतं. पिढ्यान् पिढ्या उकरून वर टाकलेल्या मातीचा त्याच्या घराचा ढिगारा चार-साडेचार मीटर रुंद आणि कमरेइतका उंचही होतो. त्याला दहा-बारा तोंडं, आत बोगद्यांचं जाळं, आणि जाळ्याच्या कडेला कोनाडे. टूसॉनजवळच्या सांता रीटा माळावर चार्ल्स व्होरिस आणि वॉल्टर टेलर यांनी असे ढिगारे थर काढत खणून पाहिले आणि १९२२ साली त्यांचा वृत्तान्त छापून आला. एखाद्या घरात तर पाच किलोंहून अधिक बी निघालं, तेही बरंचसं जातवार वेगळं रचलेलं. सव्वाशे ग्रॅमच्या जिवाच्या घरात पाच किलो. त्या काळी खणण्यामागचा हेतू काही कौतुकाचा नव्हता. गुरांच्या चाऱ्यावर डल्ला मारणारा हा प्राणी किती नुकसान करतो याचा हिशेब त्यांना हवा होता. हिशेब करता करता लिहिणाऱ्यांना प्राणीच आवडू लागला असावा असं त्यातली वर्णनं वाचताना वाटतं. असं घर बांधायला एका उंदराचं आयुष्य पुरतंच असं नाही, म्हणून रिकामं झालेलं घर दुसरा कुणीतरी लगेच ताब्यात घेतो, आणि पिलं बरेचदा आईच्याच ढिगाऱ्यात मुक्काम लांबवतात. वाडा बांधण्यापेक्षा वारशाने मिळवलेला बरा.

पेवाचं खरं दुखणं बुरशी. ज्याने घरात ज्वारीची कणगी पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. पण बॅनर-टेलचं बुरशीशी नातं आपल्यासारखं सरळ वैराचं नाही. जेम्स राइकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगात पाहिलं की निर्जंतुक कोरडं बी, थोडी बुरशी धरलेलं बी आणि पार बुरसटलेलं बी असे तीन प्रकार पुढे ठेवले तर हे उंदीर मधलं उचलतात. इतकंच नव्हे, बी फार कोरडं असेल तर दमट कोनाड्यात आणि बुरशी फार वाढू लागली तर कोरड्या कोनाड्यात, अशी हलवाहलवही ते करतात. दही कितपत लागलंय ते पाहून भांडं फळीवरून गार जागी हलवणाऱ्या गृहिणीचा हात मला यात दिसतो. दमट कोनाड्यातला दाणा हवेतली ओल शोषून घेतो, आणि ती ओल म्हणजे फुकटचं पाणी.

पाण्याकडे आता वळावंच लागेल, कारण या प्राण्याची सगळी प्रसिद्धी ‘आयुष्यभर पाणी न पिणारा उंदीर’ या एका वाक्यावर उभी आहे. ते वाक्य खोटं नाही. पण ते चमत्कारासारखं सांगितलं जातं आणि त्यातला जमाखर्च कुणी सांगत नाही. तो मांडला क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या जोडप्याने, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच ॲरिझोनाच्या उंदरांवर. मेरियमच्या कांगारू उंदराला खायला नुसतं कोरडं बार्ली दिलं. शंभर ग्रॅम बार्ली त्याला साधारण महिनाभर पुरते. हवा २५ अंश सेल्सियस, आर्द्रता २० टक्के. जमेच्या बाजूला : बार्लीतला पिठूळ भाग शरीरात जळताना तयार होणारं पाणी ५४ ग्रॅम, दाण्याने हवेतून आधीच शोषलेलं ६ ग्रॅम. खर्चाच्या बाजूला : लघवी साडेतेरा ग्रॅम, लेंड्या २.६, श्वासातून आणि कातडीतून उडालेलं ४३.९. दोन्हीकडची बेरीज बरोबर ६०. वाण्याच्या वहीत शोभावा असा हा ताळेबंद, आणि इतका काठावरचा, की हवा आणखी कोरडी झाली तर तुटीत जाईल.

हा मेळ बसतो तो दोन अवयवांच्या जोरावर. एक मूत्रपिंड. त्यातल्या नळ्यांचे वळसे लांबच लांब असतात, आणि लघवी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट होऊन बाहेर पडते. याच जोडप्याने उंदरांना सोयाबीन चारून पाहिलं. प्रथिनं जास्त, म्हणजे बाहेर टाकायचा युरिया जास्त, म्हणजे लघवीला पाणी जास्त. या खाण्यावर कोरड्याने भागेना. मग त्यांना प्यायला समुद्राचं पाणी दिलं तर ते पिऊन उंदीर तगले. माणूस तेच पाणी प्यायला तर तहानेने मरतो, कारण तेवढं मीठ बाहेर टाकायला त्याला प्यायल्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. दुसरा अवयव नाक. आत जाणारी कोरडी हवा नाकातल्या अरुंद वाटांना गार करत जाते. फुप्फुसातून परतणारी ऊन, दमट हवा त्याच गार वाटांवरून येते आणि आपली वाफ तिथेच सोडून जाते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं. बाहेर पडलेला श्वास कधीकधी भोवतालच्या हवेहूनही गार भरतो. कुळीथ-नाचणीएवढ्या नाकपुड्यांतलं हे यंत्र रात्रभर दर श्वासाला चालू असतं.

मात्र ताळेबंद प्रयोगशाळेतला आहे हे विसरायला नको. पुढे २००२ मध्ये ट्रेसी आणि वॉल्सबर्ग यांनी सोनोरन वाळवंटातल्या याच जातीकडे पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की बीळ म्हणजे काही गारेगार तळघर नव्हे. मेरियमची बिळं फार खोल नसतात, आणि उन्हाळ्यात तिथलं तापमान दिवसच्या दिवस तिशीच्या वर राहतं. खाणंही नुसतं कोरडं नसतं, जमेल तेव्हा हिरवा पाला आणि किडेही असतात. त्यात ओवेन्स खोऱ्यातल्या छिन्नीदाती कांगारू उंदराने तर बियांचा नादच बराचसा सोडला आहे. तो खारट झुडपाची पानं खातो. पानाच्या वरच्या थरात मीठ साचलेलं असतं, आतला गाभा रसाळ. त्याचे खालचे दात पटाशीसारखे सपाट आहेत. पान पंज्यात धरून तो वरचा खारा थर सपासप तासून टाकतो आणि आतला हिरवा भाग खातो. कोरफडीचं साल काढून गर घेण्यातलाच प्रकार. ‘पाणी न पिणारा उंदीर’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना हे तपशील रसभंग करणारे वाटतात. मला उलट वाटतं. चमत्कार म्हटला की विचारायचं काही उरत नाही, आणि इथे तर हरेक थेंबाला विचारण्यासारखं आहे : तू कुठून आलास? दाण्यातून, बिळातल्या हवेतून, पानातून, आणि काल बाहेर टाकलेल्या श्वासातून परत. मूत्रपिंड एकटं पुरत नाही, बीळ आणि पेवही त्याच कामाला जुंपलेले आहेत. वहीतल्या ४३ मध्ये यांतलं मूत्रपिंड आणि नाक आलं, बीळ आणि पेव आलं नाही.

सापळ्याच्या कामाबद्दल थोडं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा घडीचा शर्मन सापळा साधारण वीतभर लांब असतो, आणि पहिली चूक तिथेच होते. कांगारू उंदराची शेपूट अंगाहून लांब. तो आत गेला, मागे दार पडलं, की शेपूट दारात चिमटते. म्हणून त्याच्यासाठी लांब सापळा घ्यावा लागतो किंवा दाराला शेपटीपुरती फट ठेवावी लागते. आमिष म्हणून मिलेट. आपल्या वरईच्याच कुळातलं हे धान्य. पीनट बटर लावण्याची हौस इतर ठिकाणी ठीक आहे, वाळवंटात ते मुंग्यांना बोलावतं, आणि बंद डबीत मुंग्या शिरल्या तर आतल्या जिवाला पळायला जागा नसते. सापळे सूर्यास्ताला उघडायचे आणि उजाडता उजाडता तपासून बंद करायचे. उन्हाळ्यात तासाभराचा उशीर म्हणजे पत्र्याची भट्टी. हिवाळ्यात आत कृत्रिम कापसाचा बोळा हवा, म्हणजे तो घरटं करून ऊब धरतो. उंदीर धरायचा मानेमागच्या सैल कातडीला. शेपटीला धरून उचलला तर शेपटीचं कातडं मोजासारखं निघून हातात येतं. मेरियम आणि ऑर्ड हे दोन कांगारू उंदीर दिसायला जुळे, तेव्हा मागच्या पायाची बोटं मोजायची : मेरियमला चार, ऑर्डला पाच. पॉकेट माउसमध्ये बोट पाठीवरून उलटं फिरवायचं. रेशमासारखं लागलं तर एक गट, खरखरीत लागलं तर दुसरा.

आणि थंडीच्या सकाळी सापळा उघडल्यावर एखादा पॉकेट माउस कोपऱ्यात गार, ताठ, मुटकुळं होऊन पडलेला असतो. नवखा माणूस हळहळतो आणि वहीत ‘मृत’ लिहायला लागतो. थांबायचं असतं. तळहातात घेऊन दुसऱ्या हाताने झाकायचं, श्वासाची ऊब द्यायची, वाट पाहायची. हे जीव अन्न कमी पडलं किंवा गारठा वाढला की शरीराची चूल जवळजवळ विझवून टाकतात. अंगावर चरबी चढवून दीर्घ झोप काढणाऱ्यांतले हे नव्हेत. पेवातलं दोन दाणे खायला उठतात, पुन्हा गार होतात. मुठीत आधी कसलीच हालचाल नसते. मग मिशा थरथरतात. मग एक बारीकशी धडधड बोटांना लागते, इतकी बारीक की ती आपल्याच बोटातली तर नव्हे अशी शंका यावी. आणि एकदम सात ग्रॅमचा जीव उसळी मारून निसटतो.

जिवंत होण्याइतकीच घाई त्याला जिवंत राहण्याची असते. या कुळाच्या डोक्याचा मोठा भाग कानामागच्या पोकळ हाडांच्या फुग्यांनी व्यापलेला आहे. कांगारू उंदरात तर हे फुगे मेंदूहूनही जास्त जागा खातात. घुबडाच्या पंखांचा आणि सापाच्या झेपेचा दबका, खालच्या पट्टीतला आवाज टिपायला ते कामी येतात. युमाजवळच्या वाळूत संशोधकांनी साइडवाइंडर साप आणि कांगारू उंदीर यांच्या गाठी जलदगती कॅमेऱ्याने टिपल्या. सापाची झेप सुटल्यापासून ३८ मिलिसेकंदांत उंदराने उडी घेतल्याचीही नोंद त्यात आहे. आपल्या पापणीची उघडझाप त्याहून कितीतरी सावकाश चालते. पुढे हवेतच तो मागच्या पायांनी सापाला लाथ हाणतो. हे चित्रण लाखो लोक पाहतात, आणि पाहावंही. पण चांदण्या रात्रींचा हिशेब त्याहून खोल आहे. पौर्णिमेच्या सुमारास उघड्यावर घुबडाला सगळं दिसतं, म्हणून कांगारू उंदीर रात्रीचा वावर कमी करतात आणि ती तूट तिन्हीसांजेला, पहाटे भरून काढतात. तेव्हा खाटीक पक्षी जागा असतो. एका खर्चातून वाचवावं तर दुसरीकडून जातं.

एवढासा प्राणी, त्याच्या नसण्याने काय होतं याचाही प्रयोग झाला आहे. ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ १९७७ मध्ये जेम्स ब्राउन आणि सहकाऱ्यांनी वीस हेक्टर माळावर पन्नास मीटर लांबी-रुंदीचे चोवीस चौकोन कुंपणाने आखले. कुंपणाला जमिनीलगत झरोके. काही चौकोनांत झरोके मोठे, कुणीही यावं. काहींत जेमतेम दोन सेंटिमीटरचे, म्हणजे पॉकेट माउस आरपार जाईल आणि कांगारू उंदराचं मोठं डोकं अडेल. प्रत्येक चौकोनात सापळ्याच्या ४९ जागा, आणि अमावास्येच्या सुमारास दर महिन्याला मोजदाद. बारा वर्षांच्या नोंदींनंतर, १९९० मध्ये, निष्कर्ष जाहीर झाला : कांगारू उंदरांच्या तिन्ही जाती ज्या चौकोनांतून काढल्या तिथलं झुडपी वाळवंट गवताळ होऊ लागलं होतं. उंच गवत पसरलं, झुडपांमधली उघडी जमीन झाकली गेली, दाणे टिपणारे पक्षी तिथे कमी उतरू लागले, आणि गवतात राहणारे दुसरे उंदीर राहायला आले. मोठं बी वेचून खाणारं आणि माती सतत उकरणारं कुणी उरलं नव्हतं. वर्षं जात राहिली तसा ९० च्या दशकाच्या मध्यावर बेलीचा पॉकेट माउस त्या माळावर पोचला आणि रिकाम्या चौकोनांत त्याने कांगारू उंदरांचं बरंचसं काम उचललं. पण मधली जवळजवळ वीस वर्षं ती जागा रिकामीच होती. कुंपणाच्या एका बाजूला वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला गवत, मध्ये नुसती जाळी. काट्यावर चिमूटभर भरणाऱ्या जिवाची खरी हद्द कुठवर जाते हे त्या जाळीने आखून दाखवलं.

कॅलिफोर्नियाच्या कारिझो माळावर ही हद्द वरूनही दिसते. राक्षसी कांगारू उंदीर वसंतात घराभोवतीच्या गवताची कणसं कापतात आणि बिळाच्या दाराशी वाळत घालतात. खळ्यावर गंजी रचाव्यात तशा त्यांच्या गंजी असतात, आणि बी वाळलं की आत जातं. कापलेल्या गवताचे हे गोल चट्टे विमानातून मोजता येतात. शेजारच्या सॅन वाकीन खोऱ्यातलं त्यांचं राज्य नांगराखाली आणि कालव्याच्या पाण्याखाली गेलं, आणि १९८७ पासून ते संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. नांगराचा व्यवहार मात्र दर वेळी एकाच दिशेने चालत नाही. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातला सॅन किंतीनचा कांगारू उंदीर १९८६ नंतर कुणाला दिसला नव्हता. शेतीने त्याची जमीन खाल्ली असं धरून लोक त्याला विसरत चालले होते. २०१७ साली इतर प्राण्यांची पाहणी करायला लावलेल्या सापळ्यात तो सापडला, गालपिशव्या वगैरे सगळ्यासकट. कधीकाळी नांगरलेली जमीन पाण्याअभावी पडीक झाली, आणि तो परत आला.

पिशवीच्या तळाशी पडलेल्या त्या तीन ग्रॅमचं पुढे काय होतं, एवढं सांगायचं राहिलं. उंदीर जिथे धरला तिथेच सोडतात. बाहेर पडल्यावर तो लगेच पळत नाही. क्षणभर दगडासारखा बसतो, मग दोन उड्या, मग झुडपाआडचं बीळ. आतून मातीचा बोळा लागतो, आणि जमीन अशी दिसते की जणू तिथे काही नव्हतंच. दाणे झुडपाच्या सावलीत ओतून दिले जातात. पण उंदीर आता रात्रीपर्यंत बाहेर येणार नाही, आणि ऊन चढायला लागलेलं असतं. वाळवंटात बियांवर जगणारं दुसरं मोठं कुळ दिवसा जागतं. पहिली लाल सुगी-मुंगी दाण्याशी येते, स्पर्शिका फिरवते, एक दाणा उचलते आणि चालू लागते. वही मिटेपर्यंत तिच्या मागे रांग लागलेली असते.